रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळी

(सामुदायिक रेडिओवरील ‘बायांचं आरोग्य’ या कार्यक्रमातील भाषण)

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी शेळ्यांमागं असाल, कुणी मोबाईल पदराच्या गाठीत बांधून खुरपत असाल. हातातलं काम सोडू नका, फक्त कान इकडं द्या. आज आम्ही बोलणार आहोत एका कागदावर. सोनोग्राफी झाली, छातीचा फोटो काढला, सिटी स्कॅन केलं, की आपल्या हातात एक पाकीट येतं. त्यात फिल्म असते आणि एक टाईप केलेला इंग्रजी कागद असतो. त्या कागदाच्या अगदी तळाशी, सहीच्या वर, एक-दोन ओळी असतात. आज बोलायचंय ते त्या ओळींवर.

हा विषय काही आम्हाला पुस्तकात सापडला नाही. झालं असं, की आमच्या बचत गटांच्या बैठकीत आम्ही बायांना सांगितलं, घरातले जुने सगळे रिपोर्ट घेऊन या. पेटीतले, माळ्यावरचे, साड्यांखाली ठेवलेले. बाया घेऊन आल्या. कापडदुकानाच्या पिशव्या, खताच्या दुकानाच्या पिशव्या, एकीनं तर लग्नाच्या अल्बमच्या खोक्यात ठेवलेले. एक्स-रेच्या फिल्म तर काहींनी ग्रहण बघायला वापरल्या होत्या. (ते डोळ्यांना चांगलं नाही बरं का, पण तो विषय वेगळा.) आमच्यासोबत एक सिस्टर होत्या, सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्या एकेक कागद वाचत गेल्या आणि आम्ही ऐकत गेलो. कागदाच्या शेवटी लिहिलेलं असायचं: सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करावी. सिटी स्कॅन करून घ्यावं. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढून तुलना करावी. आणि ज्या बाईचा तो कागद, ती म्हणायची, “अगं बाई, हे मला कुणी सांगितलंच नाही.”

आता कुणी म्हणेल, डॉक्टरनं सांगायला नको का? नको कसं, हवंच. पण आधी तो कागद कुठून कुठं जातो ते बघू या, म्हणजे मधेच ओळ कुठं गळते ते कळेल.

आपलं पोट दुखतं. आपण गावच्या नाहीतर तालुक्याच्या डॉक्टरकडं जातो. ते चिठ्ठी देतात, सोनोग्राफी करून या. सोनोग्राफीवाले डॉक्टर वेगळे. ते पोटावर जेल लावून मशीन फिरवतात, बघतात, आणि रिपोर्ट लिहितात. तो रिपोर्ट त्यांनी लिहिलेला असतो चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरसाठी. आपल्यासाठी नाही. म्हणून तो इंग्रजीत, डॉक्टरी भाषेत. त्यांना आपण विचारलं, “काय निघालं हो?” तर ते म्हणतात, “तुमच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील.” त्यांच्या बाजूनं ते बरोबरच असतं. मग पाकीट घेऊन आपण परत पहिल्या डॉक्टरकडं. पण त्या दिवशी एसटी गेलेली असते, नाहीतर दवाखाना बंद झालेला असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी नवरा जातो, नाहीतर पोरगा मोटारसायकलवर जाऊन दाखवून येतो. डॉक्टरपुढं रांग दारापर्यंत. ते वरची ओळ बघतात, गोळ्या लिहितात. पोरगा घरी येऊन सांगतो, “काही नाही आई, गोळ्या दिल्यात.” आणि पाकीट पेटीत जातं.

हल्ली तर पाकीटही नसतं पुष्कळदा. रिपोर्ट येतो पोराच्या व्हॉट्सअॅपवर, आणि पोरगा असतो पुण्यात कंपनीत. तो म्हणतो, रविवारी बघतो.

बघा, यात कुणी कामचुकारपणा केला असं म्हणता येत नाही. मशीनवाल्यांनी लिहिलं. डॉक्टरनं औषध दिलं. पोरानं दाखवून आणलं. सगळ्यांनी आपापलं काम केलं, आणि तरी ती शेवटची ओळ ज्या बाईच्या शरीराबद्दल होती, तिच्यापर्यंत पोचलीच नाही. ही ओळ पोचवणं नेमकं कुणाचं काम, हे ठरलेलं नसतं. खरा घोटाळा इथं आहे.

आमच्या गटातल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. त्यांना विचारून सांगतोय. त्या म्हणाल्या, नाव घेऊ नका, पण सांगा, दुसरीचं तरी वाचेल. मावशींना जेवलं की उजव्या बरगडीखाली कळ यायची. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, खडे काढले, कळ थांबली. घरच्यांनी देवाला नारळ फोडला. पण त्याच रिपोर्टमध्ये खाली लिहिलं होतं की डाव्या किडनीवर एक गाठ दिसते, सिटी स्कॅन करून खात्री करावी. गेलो होतो खड्यांसाठी, खडे सापडले, मग बाकीचं कोण वाचतो? ऑपरेशन करणाऱ्यांचं लक्ष पित्ताशयावर. घरच्यांचं लक्ष बिलावर. किडनीची गाठ ना दुखत होती, ना खुपत होती. दीड वर्षानं मावशींच्या लघवीतून रक्त गेलं तेव्हा पुन्हा सोनोग्राफी झाली. त्या वेळच्या डॉक्टरनं जुना रिपोर्ट मागितला, वाचला आणि विचारलं, “तुम्हाला आधीच सांगितलं होतं की, सिटी स्कॅन का नाही केलं?” मावशी म्हणतात, त्या प्रश्नाचा राग मला अजून येतो. कुणी सांगितलं होतं? कागदाला सांगितलं होतं.

मावशींची ती किडनी काढावी लागली. गाठ लहान असताना कळलं असतं, तर कदाचित तेवढा भाग काढून किडनी वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. मावशी आज बऱ्या आहेत, परवाच शेतावर भेटल्या. दर ठरलेल्या महिन्याला तपासणीला जातात, आणि आता रिपोर्ट हातात आला की तिथंच बाकड्यावर बसून कुणाकडून तरी तळाची ओळ वाचून घेतात. डॉक्टरलोकांत अशा सापडलेल्या गोष्टीला शोधायला न गेलेली, वाटेत दिसलेली गोष्ट म्हणून वेगळं नाव आहे. आपण एवढंच ध्यानात ठेवायचं की मशीनला फक्त आपण ज्यासाठी गेलो तेवढंच दिसत नाही. शेजारचंही दिसतं. आणि शेजारचं दिसलेलंच जास्त विसरलं जातं.

दुसरी एक गंमत म्हणावी की काय म्हणावं, ती छातीतल्या गाठीची. स्तनाची सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी झाली की रिपोर्टच्या शेवटी एक आकडा देतात. बायरॅड्स असं त्याला म्हणतात. शून्यापासून सहापर्यंत आकडे असतात. एक आणि दोन आले तर काळजीचं काही नाही. तीन म्हणजे गाठ बहुतेक साधीच आहे, कॅन्सर असण्याची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहूनही कमी, पण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची. चार किंवा पाच आला तर सुईनं तुकडा काढून तपासायचा, थांबायचं नाही. सहा म्हणजे तुकड्याच्या तपासणीत आधीच कॅन्सर कळलेला आहे. आणि शून्य? शून्य आला की आपली बाई खूश. “काही नाही गं, शून्य निघाला.” पण या हिशेबात शून्याचा अर्थ काही नाही असा नसतो. शून्य म्हणजे तपासणी अपुरी राहिली, अजून फोटो किंवा सोनोग्राफी करून मगच काय ते सांगता येईल. शाळेत पोराला शून्य मार्क मिळाले तर आपण खूश होतो का? तसंच समजा. शिबिरात तपासणी झाली असेल तर हे फार जपायचं. शिबिराची गाडी एका दिवसात निघून जाते, रिपोर्ट मागून येतो. तेव्हा गाडी उभी असतानाच विचारून घ्यायचं: रिपोर्ट कुणाकडं येणार, कधी येणार, आणि पुढची तपासणी लागली तर कुठं जायचं.

छातीच्या एक्स-रेबद्दल थोडक्यात सांगतो. न्युमोनियाचं औषध संपल्यावर डॉक्टर कधीकधी सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा फोटो सांगतात. खोकला थांबला म्हणून तो टाळू नका, डाग गेला की राहिला हे बघायचं असतं. आणि नुसत्या फोटोवरून टीबी आहे असं ठरवून रडत बसू नका, थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषध फुकट आहे.

आता येऊ गरोदर बाईकडं. इथं जरा थांबून बोलावं लागेल.

सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर पाटी असते: इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो गुन्हा आहे. १९९४ चा कायदा आहे तो, आणि चांगला कायदा आहे. सोनोग्राफीच्या आधी आपल्याकडून एका फॉर्मवर सही घेतात, नाहीतर अंगठा घेतात. बाळाचं लिंग जाणून घ्यायची माझी इच्छा नाही, असं त्यात आपण लिहून देत असतो. पण आमच्या लक्षात आलं, की पुष्कळ सुनांनी त्याचा अर्थ असा घेतलाय की आत जाऊन काहीच विचारायचं नाही. “विचारलं तर त्यांना वाटेल आम्ही मुलगा-मुलगी विचारतोय.” म्हणून गप्प झोपायचं, गप्प उठायचं, कागद घेऊन घरी यायचं.

मैत्रिणींनो, कायद्यानं फक्त एकच गोष्ट सांगायला बंदी आहे, मुलगा की मुलगी. बाळाची वाढ कशी आहे, पाणी किती आहे, हृदयाचे ठोके कसे आहेत, पाठीचा कणा नीट आहे का, वार कुठं आहे, हे सगळं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि सांगणं गुन्हा नाही. उघड विचारा.

वारेचंच घ्या. पाचव्या महिन्याच्या सुमाराला, १८ ते २० आठवड्यांत, बाळात काही व्यंग आहे का ते बघायची मोठी सोनोग्राफी होते. तेव्हा कधीकधी वार पिशवीच्या तोंडाजवळ, खाली दिसते. त्यात लगेच घाबरण्यासारखं नसतं. पिशवी वाढत जाते तशी बहुतेकींची वार वर सरकते. म्हणून रिपोर्टमध्ये लिहितात, ३२ आठवड्यांच्या सुमाराला पुन्हा बघा. पण हे कुणी समजावून सांगितलं नाही तर काय होतं? आठव्या महिन्यात सून माहेरी जाते. फाईल सासरी राहते. माहेरच्या दवाखान्याला काही ठाऊक नाही. आणि वार जर खालीच राहिली असेल तर न दुखता एकदम अंगावरून रक्त जायला लागतं. अशा बाईचं बाळंतपण घरी किंवा लहान दवाखान्यात चालत नाही. जिथं सिझेरियनची आणि रक्ताची सोय आहे तिथंच आधीपासून नाव घालावं लागतं. एवढी मोठी गोष्ट त्या एका ओळीत असते.

म्हणून आमचं सगळ्या सासवांना, आयांना सांगणं आहे: डोहाळजेवण झालं, ओटी भरली, सून माहेरी निघाली, की साडीच्या आधी फाईल पिशवीत घाला. आणि आशाताईंकडून माता-बाल संरक्षण कार्डावर पुन्हा सोनोग्राफीची तारीख लिहून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते, त्या दिवशी फाईल घेऊन जा. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या फुकट आहेत. रक्त जायला लागलं तर मात्र तारखेची वाट बघायची नाही, ताबडतोब १०८ ला फोन.

एवढं सगळं ऐकून कुणी घाबरलं असेल. म्हणून आता उलट बाजू सांगतो, कारण ओळ न कळल्यामुळं जसं नुकसान होतं तसंच ती अर्धवट कळल्यामुळंही होतं. आमच्या गटातल्या एका तरण्या सुनेच्या सोनोग्राफीत अंडाशयावर पाण्याची गाठ निघाली. घरात रडारड. कुणीतरी सांगितलं, पिशवीसकट काढून टाका, पुढं कॅन्सर होतो. चाळीस हजाराचा आकडाही निघाला, आणि दीर शेळ्या विकायला निघाला. सिस्टरनी कागद वाचला. खाली लिहिलं होतं: दोन पाळ्यांनंतर पुन्हा सोनोग्राफी करावी. बस. पाळी येणाऱ्या बायकांच्या अंडाशयावर अशा साध्या पाण्याच्या गाठी येतात आणि पुष्कळदा आपोआप जातात. म्हणूनच तर थांबून बघा असं लिहितात. तिचीही गेली. शेळ्या राहिल्या. पाळी गेल्यावर गाठ निघाली, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ते वेगळं, ते लगेच दाखवायचं. आणि पोटात एकदम जीवघेणी कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तरी लगेच जायचं, गाठीला पीळ पडू शकतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्याची बातमी २०१९ मध्ये सगळीकडं गाजली, ती आठवत असेल. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समितीही नेमली होती. त्यामागं पुष्कळ कारणं होती, उचलीची, मजुरीची, पाण्याची, संडासाची. पण कागद वाचता न येणाऱ्या बाईला भीती घालणं सोपं असतं, हेही त्यातलं एक आहेच, असं आम्हाला वाटतं. “पिशवी सुजली आहे” एवढ्या शब्दावर बाई ऑपरेशनला तयार होते. कागदावर थांबून बघा असं लिहिलं असेल तर तेही आपल्याला कळायला हवं की नको?

मग करायचं काय? इंग्रजी शिकत बसायचं का? नाही. दहावीतल्या लेकीला, भाचीला कागद दाखवा आणि सांगा, खालून वाच. खाली इम्प्रेशन असा शब्द असतो, त्याखाली सगळा निचोड असतो. तिथं वीक्स म्हणजे आठवडे, मंथ्स म्हणजे महिने, रिपीट, फॉलो-अप, सजेस्टेड, अॅडव्हाइज्ड यांतला एखादा शब्द दिसला, की समजायचं पुढं काहीतरी करायला सांगितलंय. क्लिनिकल कोरिलेशन असं पुष्कळ ठिकाणी असतं, ते बघून दचकू नका. त्याचा अर्थ एवढाच, की मशीनमध्ये जे दिसलं ते डॉक्टरनं बाईला तपासून, तिचा त्रास विचारून पडताळून बघावं. पण लेकीनं फक्त शब्द शोधायचे हं. आजार काय आहे ते तिनं ठरवायचं नाही, आणि मोबाईलवर शोधून आजीला रात्रभर जागवायचं तर अजिबात नाही.

तो कागद घेऊन डॉक्टरकडं स्वतः जा. पोराला पाठवू नका, फार तर सोबत न्या. डॉक्टरपुढं बसलं की आपली जीभ उचलत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून प्रश्न घरूनच पाठ करून जायचे. “डॉक्टर, खाली काय सल्ला लिहिलाय? पुन्हा तपासणी लागेल का? कोणत्या महिन्यात? इथंच की मोठ्या गावाला? नाही केली तर काय होईल? आणि मधल्या काळात काय झालं तर मी धावत यायचं?” एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. उत्तर मिळालं की उठायच्या आधी आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं: “म्हणजे डॉक्टर, दिवाळी झाल्यावर मी परत सोनोग्राफी करून यायचं, आणि रक्त गेलं तर लगेच यायचं, असंच ना?” चुकलं असेल तर ते तिथंच सुधारतात. आम्ही हे करून बघितलंय. पहिल्यांदा डॉक्टर जरा चमकतात, मग नीट बोलतात.

फॉर्मवर फोन नंबर कुणाचा दिलाय तेही बघा. बहुतेक ठिकाणी नवऱ्याचा असतो, आणि त्याचं सिम बदललेलं असतं. तातडीचं काही निघालं आणि सेंटरनं फोन केला तर तो कुठं वाजणार? स्वतःचा नंबर द्या, आणि शेजारचा एक द्या.

तारखेचं आमच्या गटानं असं केलंय. सहा महिने म्हटलं की कुणाच्या ध्यानात राहत नाही. नागपंचमीला तपासणी झाली आणि महाशिवरात्रीला परत जायचंय म्हटलं की राहतं. घरी गेल्या गेल्या कालनिर्णयावर त्या तारखेला लाल गोल करायचा. शिवाय गटाची एक वही केली आहे. दर महिन्याला हप्ते गोळा झाले, कर्जाचं बोलणं झालं, की सचिव ती वही उघडते आणि या महिन्यात कुणाची तारीख आहे ते बघते.

यावर आमच्यात भांडण झालं, ते लपवत नाही. एक सून म्हणाली, “माझं दुखणं वहीत लिहिलं की उद्या चावडीवर जाईल. सासूबाई याच गटात आहेत.” तिचं खरंच होतं. म्हणून वहीत आजार लिहायचा नाही असं ठरलं, तपासणीचं नावसुद्धा नाही. बाईचं नावही नाही, फक्त तिच्या बचत खात्याचा नंबर, तारीख, आणि जाऊन आली की बरोबरची खूण. सचिव बैठकीत नंबर वाचत नाही, नंतर एकटीला गाठून विचारते. एसटीचं भाडं, मजुरी बुडणं, तपासणीचे पैसे, यापायी तारीख चुकत असेल तर गटातून लहान कर्ज द्यायचं, आणि सोबतीला एक बाई जायची. दोघींचे कान असले की सांगितलेलं निम्मं हरवत नाही.

एक गोष्ट ही वही करताना आमच्या लक्षात आली. गरोदर बाईच्या मागं आशाताई असते, नर्सबाई असते, कार्ड असतं. पन्नाशीतल्या मावशीच्या मागं अशी दारात येऊन विचारणारी कुणी नसते. लेकरं होऊन गेली, आता तिचं काय तपासायचं, असंच घरालाही वाटतं आणि तिलाही. आमच्या वहीत सगळ्यात जास्त तारखा चुकतात त्या याच वयाच्या बायांच्या.

सगळा भार बाईवरच का टाकायचा, असं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया नावाचं राज्य आहे. तिथं २०१८ मध्ये कायदा झाला, की तपासणीत काही महत्त्वाचं निघालं तर काही अपवाद सोडून, तपासणी करणाऱ्या ठिकाणानंच २० दिवसांच्या आत रुग्णाला थेट कळवायचं. नुसतं डॉक्टरला कळवून चालत नाही. आणि मॅमोग्राफीचा निकाल बाईला सोप्या भाषेत लेखी कळवायचा, हा नियम तर त्या देशात त्याच्याही बऱ्याच आधीपासून आहे. आपल्या गावात असं पत्र कुणाच्या दारात आलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

आम्ही एवढं मोठं मागितलं नाही. तालुक्यातल्या एका सोनोग्राफीच्या डॉक्टरांकडं गटाच्या पाच जणी गेलो आणि म्हटलं, रिपोर्ट इंग्रजीतच राहू द्या, पण पाकिटावर मराठीत एक शिक्का मारा: पुन्हा तपासणी हवी / नको. कधी. कुणाला दाखवायचं. डॉक्टर आधी म्हणाले, “वेळ कुठं आहे?” मग शिक्का करून घेतला. आता त्यांच्याकडची मुलगी पाकीट देताना ते वाचून दाखवते. ग्रामीण रुग्णालयातही हे व्हावं म्हणून रुग्ण कल्याण समितीला अर्ज दिलाय. तुमच्या गावच्या महिला ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव करा, आणि ठरावाची प्रत आम्हालाही पाठवा.

जाता जाता एका ऐकणाऱ्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. त्या विचारतात, “जुना रिपोर्ट हरवला, पावसात भिजला, तर काय करायचं?” ताई, जिथं तपासणी झाली तिथं जा, तारीख सांगा. पुष्कळ ठिकाणी कॉम्प्युटरमध्ये प्रत असते. गरोदरपणाच्या सोनोग्राफीची कागदपत्रं तर सेंटरला दोन वर्षं जपून ठेवावीच लागतात. दवाखान्यात भरती होता, तर तिथले कागद डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायचे असतात, आणि आपण मागितले की ७२ तासांच्या आत द्यायचे, असा २००२ पासून नियम आहे. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. आणि नवा रिपोर्ट मिळाला की जुनाही त्याच पिशवीत ठेवा. पुढचा डॉक्टर तुलना करायला मागतोच.